बेळगाव सीमाभागातून पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएस: प्रवेशापासून स्वतःच्या व्यवसायापर्यंत

हिरड्या, दाताचे मूळ हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि ते हाड यांच्या आजारांची शाखा म्हणजे पेरिओडॉन्टिक्स. कीड लागलेला दात भरला किंवा अक्कलदाढ काढली की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही मोकळे होतात. हिरड्यांच्या आजारात मात्र उपचाराचे यश तीन महिन्यांनी, वर्षाने आणि पाच वर्षांनी मोजावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांतील ज्या मराठी विद्यार्थ्यांनी बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, पूर्ण केले आहे आणि जे या शाखेत एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रवेश, विभागाची निवड, तीन वर्षांचा अभ्यास आणि नंतरचा व्यवसाय यांची माहिती देताना मी एकाच कसोटीकडे पुन्हा पुन्हा येणार आहे: त्या विभागात रुग्ण परत येतो का, आणि तो परत यावा यासाठी काय करावे हे विद्यार्थ्याला शिकवले जाते का.

निर्णय घेण्याआधी

कौन्सेलिंगमध्ये, म्हणजे गुणक्रमाने जागा वाटण्याच्या प्रक्रियेत, साधारणपणे कन्झर्व्हेटिव्ह (दात भरणे, रूट कॅनाल), ऑर्थोडॉन्टिक्स (वाकडे दात सरळ करणे) आणि ओरल सर्जरी या शाखांच्या जागा आधी भरतात आणि पेरिओच्या जागा त्यांच्यानंतर. त्यामुळे दुसरे काही मिळाले नाही म्हणून पेरिओ घेतलेले विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. त्यांच्यापैकी काही जण पुढे उत्तम काम करतात हे खरे. परंतु काही जण तीन वर्षे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम मूळ, शिकायला मिळण्याची वाट पाहण्यात घालवतात आणि मूळ विषय त्यांच्या हाताला कधीच लागत नाही. ही शाखा आपल्याला मानवेल का, हे इंटर्नशिपमध्येच तपासून घेता येते आणि त्यासाठी कोणत्याही मार्गदर्शनवर्गाची गरज नसते.

पेरिओच्या पोस्टिंगमध्ये खोल पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यामधली फट) असलेले दोन-तीन रुग्ण निवडावेत. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोबने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या बारीक सळईने, मोजून पूर्ण तक्ता भरावा, घासण्याची पद्धत आरसा हातात देऊन शिकवावी, स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग (दातांवरचा आणि मुळांवरचा थर खरवडून काढणे) शांतपणे पूर्ण करावे आणि सहा आठवड्यांनी त्या रुग्णांना स्वतः फोन करून परत बोलवावे. पुन्हा मोजताना सात मिलिमीटरचा पॉकेट चारवर आलेला आणि रक्त येणे थांबलेले पाहून ज्याला मनापासून समाधान वाटते, त्याने ही शाखा निःशंकपणे घ्यावी. ज्याला फोन करणे आणि पुन्हा मोजणे हे निरर्थक ओझे वाटते, त्याला ही तीन वर्षे जड जातील.

नीट-एमडीएस

या परीक्षेविषयी लिहिलेले भरपूर उपलब्ध असल्याने येथे थोडक्यात सांगतो. एमडीएसच्या प्रवेशाची ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. संगणकावर तीन तासांत २४० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो आणि एकूण गुण ९६० असतात. अलीकडच्या परीक्षांत प्रश्नपत्रिकेचे दोन भाग केले जातात: पहिल्या भागात मूलभूत विषयांचे १०० आणि दुसऱ्या भागात क्लिनिकल विषयांचे १४० प्रश्न असतात, आणि प्रत्येक भागाची वेळ वेगळी असते. पहिल्या भागाची वेळ संपली की त्याकडे परत जाता येत नसल्याने सरावही तसाच, भाग पाडून आणि घड्याळ लावून करावा.

पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० वा पर्सेंटाइल, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांना ४० वा पर्सेंटाइल लागतो. बारा महिन्यांची इंटर्नशिप परीक्षा मंडळाने दिलेल्या तारखेपर्यंत पूर्ण होणे आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी हातात असणे बंधनकारक असते. बेळगावच्या विद्यार्थ्याला नोंदणीच्या कामासाठी बेंगळुरूशी पत्रव्यवहार करावा लागत असल्याने हे काम इंटर्नशिप संपल्यावर लगेच हाती घ्यावे; निकालाची वाट पाहत बसू नये.

एक सूचना अभ्यासाविषयी. पेरिओ घेण्याचे मनात पक्के असले तरी परीक्षेपुरता पेरिओचा अभ्यास इतर विषयांइतकाच ठेवावा, कारण क्रमांक सर्व विषयांच्या गुणांवर ठरतो आणि मूलभूत विषयांचा अभ्यास पुढे पहिल्या वर्षाच्या परीक्षेलाही कामी येतो.

अर्ज कोठे कोठे करावा

सीमाभागातील विद्यार्थ्याची खरी गुंतागुंत येथे सुरू होते, कारण त्याच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर तीन राज्यांतील दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या प्रवेशप्रक्रिया निरनिराळ्या आहेत.

पहिली प्रक्रिया केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीची, म्हणजे एमसीसीची. शासकीय दंत महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या ५० टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा तेथून भरल्या जातात. बेळगावच्या नेहरूनगरमधील केएलई विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान संस्था १९८५ पासून कार्यरत असून ती आज केएलईच्या अभिमत विद्यापीठात मोडते. त्यामुळे घराशेजारच्या या संस्थेसाठीही अर्ज दिल्लीच्या संकेतस्थळावर करावा लागतो. कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ आणि सांगलीतील भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय याच प्रक्रियेत येतात.

दुसरी प्रक्रिया कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, म्हणजे केईएची. बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतील शासकीय कोट्याच्या आणि खासगी जागा येथून भरतात. बेळगावातील मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय या विद्यापीठाशी संलग्न आहे. तिसरी प्रक्रिया महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेली सांगली-कोल्हापूर भागातील महाविद्यालये तिच्यात येतात. चौथी प्रक्रिया गोव्याची, बांबोळीच्या शासकीय दंत महाविद्यालयासाठी. धारवाडचे एसडीएम दंत महाविद्यालयही आपल्याला जवळ आहे. या सर्व ठिकाणी पेरिओच्या जागा किती आहेत आणि कोणत्या प्रक्रियेतून भरणार आहेत हे प्रत्येक वर्षीच्या जागांच्या तक्त्यात पाहावे. मागील वर्षीच्या माहितीवर विसंबून पर्याय भरू नयेत.

रहिवासाचा आणि आरक्षणाचा भाग अतिशय बारकाईने वाचावा. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने पदवी अभ्यासक्रमांत काही राखीव जागा ठेवल्या आहेत, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असते. परंतु तीच सवलत पदव्युत्तर प्रवेशाला आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये आणि त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच त्यावर अवलंबून राहावे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले असल्याने राज्यांचे नियमही बदलत आहेत, म्हणून जुने माहितीपत्रक वापरणे धोक्याचे आहे. प्रवर्गाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे; मात्र राज्याची यादी आणि केंद्राची इतर मागास वर्गांची यादी या वेगवेगळ्या असल्याने राज्याचे प्रमाणपत्र एमसीसीच्या प्रक्रियेत चालेलच असे नाही. आपल्या जातीचे नाव केंद्राच्या यादीत कर्नाटकाच्या भागात आहे का, हे आधी पाहावे आणि असल्यास तहसीलदारांकडून केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेळेवर घ्यावे.

बीडीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, परिषदेची नोंदणी आणि परीक्षेचे प्रवेशपत्र व गुणपत्रक यांचे मूळ संच आणि प्रती तयार ठेवाव्यात. सातबारा, शाळेचा दाखला आणि आधारकार्ड यांवर नावाचे लेखन कन्नड, मराठी आणि इंग्रजीत निरनिराळे झालेले असणे हा आपल्या भागातील नित्याचा अडथळा आहे. आडनाव किंवा वडिलांचे नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे, कारण पडताळणीच्या रांगेत उभे राहून ते करणे शक्य नसते.

पर्याय भरताना घरच्यांसोबत बसून तीन वर्षांच्या एकूण खर्चाचा हिशेब मांडावा. अभिमत विद्यापीठांचे शुल्क दरवर्षी काही लाखांच्या घरात असते. त्याशिवाय वसतिगृह, हत्यारे, परिषदांचे प्रवास आणि प्रबंधाचा खर्च येतो. नंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होऊ शकते आणि पुढील फेऱ्यांतून बादही व्हावे लागते, म्हणून जी जागा मिळाल्यास आपण खरोखर रुजू होऊ, तीच यादीत घालावी.

विभाग प्रत्यक्ष पाहावा

या टप्प्यासाठी विद्यार्थी सर्वांत कमी वेळ देतात. पर्याय भरण्याआधी यादीतील पहिल्या काही महाविद्यालयांत जाऊन पेरिओ विभागात अर्धा दिवस बसावे. बेळगाव, धारवाड, सांगली, कराड, बांबोळी ही सगळी ठिकाणे आपल्याला एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत आणि तीन वर्षांच्या निर्णयासाठी तेवढा प्रवास फार नाही.

इमारत, नवीन खुर्च्या आणि लेझरचे यंत्र पाहून मत बनवू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, प्राध्यापक जवळ नसताना, काही प्रश्न विचारावेत. देखभालीच्या टप्प्यातील रुग्णांची रिकॉल, म्हणजे परत बोलवण्याची, नोंदवही आहे का, आणि असल्यास ती कोण चालवते? वर्षभरापूर्वी फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून मूळ साफ करण्याची शस्त्रक्रिया) झालेला रुग्ण आज पुन्हा तपासायचा असेल तर त्याची केस शीट आणि जुने क्ष-किरण चित्र मिळते का? विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की त्याचे रुग्ण कोणाकडे सोपवले जातात? या तीन प्रश्नांची ठोस उत्तरे जेथे मिळतात, तो विभाग चांगला आहे असे मी विनासंकोच सांगेन. तेथे इम्प्लांट थोडे कमी होत असले तरी माझे मत बदलणार नाही.

त्यानंतर पैशाचे प्रश्न विचारावेत, आणि ते विचारताना संकोच करू नये. बोन ग्राफ्ट (हाडाची भर), मेम्ब्रेन (तिच्यावरचा पडदा) आणि टाक्यांचा धागा यांचा खर्च रुग्ण देतो, महाविद्यालय देते की विद्यार्थ्याच्या खिशातून जातो? इम्प्लांटच्या बाबतीत काय पद्धत आहे? विद्यावेतन किती मिळते, ते दरमहा मिळते का, आणि ते कागदावर लिहून मिळते का? ज्या ठिकाणी सगळा खर्च रुग्णावर टाकला जातो तेथे गरीब रुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया होतच नाहीत, आणि जेथे तो विद्यार्थ्यावर पडतो तेथे शस्त्रक्रियांचा ठरलेला कोटा पूर्ण करताना विद्यार्थी मेटाकुटीला येतो.

शेवटी ओपीडीत बसून पाहावे. सकाळी आलेल्या नवीन रुग्णाची पूर्ण पेरिओ तपासणी होते, की स्केलिंग उरकून त्याला घरी पाठवले जाते? पदव्युत्तर विद्यार्थी क्युरेटला, म्हणजे मूळ खरवडण्याच्या हत्याराला, धार लावताना दिसतो का? बोथट क्युरेटने दगडासारखा जमलेला थर निघत नाही, तो फक्त गुळगुळीत होतो, आणि वरून काम झाल्यासारखे दिसते. म्हणून ज्या विभागाच्या ट्रेमध्ये धार लावण्याचा दगड रोज वापरला जातो, तेथे हाताचे काम शिकवले जाते असे खुशाल समजावे.

पहिले वर्ष: हात आणि मोजमाप

अभ्यासक्रम २०१७ च्या एमडीएस नियमावलीनुसार चालतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मूलभूत विषयांची भाग-१ परीक्षा असते: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, औषधशास्त्र, तसेच संशोधनपद्धती आणि जैवसंख्याशास्त्र. ती राहिली तर पुन्हा देता येते, परंतु अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी उत्तीर्ण व्हावेच लागते. उपस्थिती दरवर्षी ८० टक्के लागते. सहा महिन्यांत प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) सादर करायचा असल्याने पहिले वर्ष वाटते त्याहून लहान असते.

पहिले काही आठवडे टायपोडॉन्टवर (सरावाच्या कृत्रिम दातांवर) आणि मॉडेलवर जातात: ग्रेसी क्युरेटचे कोन, बोटांचा आधार, धार लावणे आणि टाके घालणे. ग्रेसी क्युरेट दाताच्या ठरावीक बाजूंसाठी बनवलेले असतात. ५/६ क्रमांकाचा समोरच्या दातांसाठी, ११/१२ दाढेच्या पुढच्या बाजूसाठी, १३/१४ मागच्या बाजूसाठी. कोणता क्युरेट हातात आहे हे न पाहता, केवळ दांड्याच्या वळणावरून ओळखता येईपर्यंत सराव करावा. अल्ट्रासॉनिक यंत्र असतानाही हाताचे क्युरेट आधी शिकावेत, कारण मुळाच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा बोटांना कळायला लागतो तो त्यांच्यामुळेच.

प्रोबिंगवर सर्वाधिक वेळ द्यावा. प्रोबवर सुमारे २५ ग्रॅम इतकाच दाब असावा. एकाच रुग्णाचे मोजमाप आपण स्वतः दोनदा, आणि एकदा सहकाऱ्याने करून तिन्ही तक्ते ताडून पाहावेत. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर हात अजून तयार झालेला नाही. हे मोजमाप पक्के नसेल तर पुढचा सगळा डोलारा, निदान, शस्त्रक्रियेचा निर्णय आणि प्रबंधाचे निष्कर्षसुद्धा, कच्च्या पायावर उभा राहतो.

निदान २०१७ च्या जागतिक कार्यशाळेच्या वर्गीकरणानुसार लिहावे. स्टेज म्हणजे आजाराने आतापर्यंत किती नुकसान केले आणि उपचार किती अवघड आहे, आणि ग्रेड म्हणजे आजार किती वेगाने वाढतो. दोन दातांमधल्या भागात दाताची हिरडी-हाडाशी असलेली पकड १ ते २ मिलिमीटर सुटली असेल तर स्टेज एक, ३ ते ४ असेल तर दोन, ५ किंवा अधिक असेल तर तीन किंवा चार. या आजाराने पाच किंवा अधिक दात गेले असतील तर चार. ग्रेड ठरवताना हाडाच्या झिजेची टक्केवारी रुग्णाच्या वयाने भागतात आणि धूम्रपान व मधुमेह यांनुसार ग्रेड वर नेतात: दिवसाला १० किंवा अधिक सिगारेट, किंवा एचबीए१सी (रक्तातील साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी) ७ टक्के किंवा अधिक असेल तर ग्रेड सी. निपाणी हा तंबाखूचा पट्टा आहे, आणि सीमाभागातील खेड्यांत मिश्री लावणाऱ्या स्त्रिया अजूनही पुष्कळ आहेत. विडी ओढणाऱ्या रुग्णाच्या हिरड्यांतून निकोटीनमुळे रक्त कमी येते, त्यामुळे वरून त्या निरोगी भासतात आणि प्रोब मात्र खोल जातो. अशा रुग्णाची केस शीट भरताना ‘तंबाखू खाता का’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. विडी, मिश्री, गुटखा, तपकीर यांची नावे घेऊन एकेक विचारावे लागते आणि स्त्रियांना हे इतरांसमोर विचारू नये.

रुग्ण परत यावा म्हणून

पहिल्या टप्प्याच्या स्वच्छतेनंतर चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणी होते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्या वेळी घेतला जातो. युरोपीय पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उरलेला पॉकेट ४ ते ५ मिलिमीटरचा असेल तर पुन्हा मुळाची स्वच्छता करावी, आणि ६ किंवा अधिक असेल तर फ्लॅपचा विचार करावा. रुग्ण फेरतपासणीला आलाच नाही तर यातले काहीच करता येत नाही. या टप्प्यावर रुग्ण निसटतो आणि विद्यार्थी नशिबाला दोष देतो; परंतु रुग्ण का आला नाही याची कारणे आपल्या भागात बहुधा ठाऊक असलेलीच असतात.

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भाताची लावणी सुरू असते, तेव्हा कोणी दातासाठी बेळगावला येत नाही. अथणी, चिक्कोडी, निपाणीकडे उसाचा गळीत हंगाम साधारण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत चालतो आणि तोडणी आली की घरचे सगळेच शेतात असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, गावची जत्रा, घरातले लग्न, या सगळ्यांची चौकशी तारीख ठरवतानाच करावी. चंदगड आणि गडहिंग्लज महाराष्ट्रात असले तरी तेथील रुग्णांना बेळगाव जवळ पडते. मात्र सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस थांबतात. म्हणून टाके काढण्याचा दिवस देताना, बस बंद असेल तर कोणाशी बोलायचे, याचा फोन क्रमांक रुग्णाला लिहून द्यावा आणि त्याच्या गावाजवळच्या दंतवैद्याचे नाव केस शीटवर नोंदवावे. एका रुग्णाच्या दोन चतुर्थांशांचे (तोंडाच्या चारपैकी दोन भागांचे) काम एकाच दिवशी होण्यासारखे असेल तर त्याला दोनदा हेलपाटा घालायला लावू नये.

भाषेचा प्रश्न आपल्या विद्यार्थ्याला परक्या विद्यार्थ्याइतका जड नसतो, तरी तो असतोच. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडचा रुग्ण कन्नडच बोलेल. हल्लु, वसडु, रक्त, नोवु एवढ्या शब्दांवर ओपीडी चालते, परंतु रोज रात्री दातांमध्ये इंटरडेंटल ब्रश का फिरवायचा हे पटवण्यासाठी पूर्ण वाक्ये लागतात. पहिल्या सहा महिन्यांत वरिष्ठ कन्नड भाषक सहकाऱ्याशेजारी बसून तोंडाच्या स्वच्छतेची माहिती कन्नडमध्ये देण्याचा सराव करावा, आणि त्या मोबदल्यात मराठी रुग्णांसाठी त्याला मदत करावी. रुग्ण ‘पायरिया झाला आहे, आता दात जाणारच’ असे धरून आलेला असतो. त्याला त्याचाच पहिला आणि दुसरा तक्ता शेजारी ठेवून, कमी झालेले आकडे बोटाने दाखवावेत. माझ्या अनुभवात पुढच्या भेटीला येण्याचे याहून प्रभावी कारण दुसरे नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याने विभागाच्या नोंदवहीशिवाय स्वतःची एक रिकॉल वही ठेवावी, आणि तिच्यात रुग्णाचे नाव, गाव, घरच्या आणखी एका व्यक्तीचा फोन, पुढील तारीख आणि त्या तारखेला काय मोजायचे ते लिहावे. देखभालीच्या रुग्णाला सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलवतात. ही वही तीन वर्षांच्या शेवटी हाती पडेल तेव्हा ती लॉगबुकपेक्षा अधिक मोलाची असेल.

प्रबंध

विषय निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या ओपीडीत तसे रुग्ण पुरेसे येतात का, आणि ते अभ्यासाच्या शेवटच्या मोजमापापर्यंत टिकतील का. नऊ महिन्यांच्या पाठपुराव्याची शस्त्रक्रियेची तुलना कागदावर देखणी दिसते, पण रुग्ण गळत गेले की निष्कर्ष काढण्याजोगे काही उरत नाही. नमुन्याची संख्या सिनॉप्सिस लिहिण्याआधी संख्याशास्त्रज्ञासोबत बसून ठरवावी आणि तीत गळतीची भर आधीच धरावी. मधुमेह, तंबाखू, गर्भारपण किंवा ऊसतोड कामगारांचे तोंडाचे आरोग्य असे आपल्या भागातील विषय गाईडपुढे मांडून पाहावेत. नवे उत्पादन आणि जुने उत्पादन यांची तुलना करणाऱ्या प्रबंधांची संख्या आधीच फार आहे.

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाचे मोजमाप अभ्यासासाठी घेऊ नये. उपचारांची चाचणी असेल तर तिची भारतीय नैदानिक चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते, नंतर होत नाही. संमतिपत्र मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, रुग्णाला वाचून समजेल अशा शब्दांत असावे. प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा असतो, त्यामुळे माहिती गोळा करण्याचे काम दुसऱ्या वर्षाअखेर संपलेले असावे.

जर्नल क्लबसाठी, म्हणजे संशोधनलेखांवर चर्चा करण्याच्या बैठकीसाठी, लेख निवडताना केवळ नवीन लेखांमागे धावू नये. हेराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली निरोगी स्वयंसेवकांना काही आठवडे दात घासणे बंद करायला लावून, जिवाणूंचा थर साचल्यावर हिरड्यांचा दाह होतो आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर तो ओसरतो, हे दाखवले. असा एखादा मूळ लेख पद्धतीसकट वाचला की आपल्या प्रबंधाचा आराखडा कोठे कच्चा आहे ते आपले आपल्याला कळते.

दुसरे आणि तिसरे वर्ष

शस्त्रक्रियांचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. आधी जिंजिवेक्टोमी (वाढलेली हिरडी कापून काढणे) आणि साधा फ्लॅप, त्यानंतर हाडाच्या खाचांत ग्राफ्ट, मग हिरडी सरकलेल्या दातांवर कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट (टाळूतील ऊतीची भर), फर्केशनचे (दाढेची मुळे जेथे फुटतात त्या जागेचे) उपचार आणि शेवटी इम्प्लांट. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी, उपचारानंतर लगेच आणि सहा महिन्यांनी एकाच कोनातून छायाचित्र घ्यावे. शस्त्रक्रिया कोटा भरण्यासाठी करू नये: ज्या रुग्णाच्या दातांवर अजूनही थर साचतो, त्याच्यावर केलेला फ्लॅप काही महिन्यांत वाया जातो आणि रुग्णाचा विश्वासही जातो. इम्प्लांटविषयी एवढेच सांगतो की, हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेल्या रुग्णात इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्याचा धोका अधिक असतो, म्हणून देखभालीला न येणाऱ्या रुग्णात तो बसवण्याची घाई करू नये.

अंतिम परीक्षेत तीन-तीन तासांच्या तीन लेखी परीक्षा असतात: पहिली रचना, कारणे आणि रोगाची प्रक्रिया यांवर, दुसरी निदान, उपचार आणि इम्प्लांट यांवर, आणि तिसरी विश्लेषणात्मक प्रश्नांची. प्रात्यक्षिकात एक मोठी आणि एक लहान केस, आधी तयार केलेल्या रुग्णावर एका चतुर्थांशातील फ्लॅप सर्जरी आणि दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाची पाहणी असते. तोंडी परीक्षेत शिकवण्याचे प्रात्यक्षिकही असते. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. परीक्षेच्या केसचा रुग्ण दोन महिने आधी निश्चित करावा आणि सोबत आणखी एक रुग्ण राखीव ठेवावा. ज्याने रिकॉल वही ठेवली आहे त्याला हे दोन रुग्ण शोधायला एक संध्याकाळ पुरते. इतरांची त्या काळातील धावपळ पाहवत नाही.

पदवीनंतर

एमडीएसची पदवी राज्य दंत परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घ्यावी. बेळगावात राहून गडहिंग्लज, चंदगड किंवा कोल्हापूरला काम करायचे असेल तर महाराष्ट्राच्या आणि गोव्यात करायचे असेल तर गोव्याच्या परिषदेकडे लेखी चौकशी करूनच सुरुवात करावी, कारण सीमा ओलांडली की नोंदणीचे कार्यक्षेत्र बदलते. कर्नाटकात स्वतःचे क्लिनिक काढताना खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी, २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था आणि क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी या तीन गोष्टी उद्घाटनाआधी पूर्ण कराव्यात.

अध्यापनाची आवड असेल तर सीनियर लेक्चरर म्हणून रुजू होऊन संध्याकाळी व्यवसाय करता येतो. व्यवसायाची सुरुवात बहुतेक जण सल्लागार म्हणून करतात: आठवड्यातून ठरलेल्या दिवशी निपाणी, चिक्कोडी, खानापूरच्या क्लिनिकमध्ये जाऊन शस्त्रक्रिया करतात. या पद्धतीत एक मोठी उणीव असते. शस्त्रक्रिया सल्लागार करतो, रुग्ण मात्र त्या क्लिनिकचा असतो, आणि देखभाल कोणाचीच नसते. म्हणून क्लिनिकच्या मालकासोबत पहिल्या भेटीतच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: शस्त्रक्रियेआधीची स्वच्छता आणि फेरतपासणी कोण करील, तीन महिन्यांनी रुग्णाला फोन कोण करील, आणि त्या भेटीचे शुल्क किती व कोणाकडे जाईल. ज्या क्लिनिकला हे मान्य नसेल तेथे फक्त स्केलिंगपर्यंतचे आणि सल्ल्याचे काम स्वीकारावे, आणि शस्त्रक्रियेची गरज असलेला रुग्ण जेथे त्याची देखभाल होऊ शकेल अशा ठिकाणी पाठवावा.